झमकूकाकींचा उलटा पंखा

झमकूकाकींशी भांडायचं तर सूर्य मावळायच्या आत उरकून घ्यावं लागे. दिवस मावळला की त्या पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत, आणि कोरड्या घशानं भांडणं त्यांना पसंत नव्हतं. संध्याकाळी एखादा विषय तापायला लागला की त्या हात वर करून म्हणत, "ऱ्हाऊ दे आता मास्तरीण. बाकीचं सकाळी." आणि खरोखरच सकाळी, मी अंगणात सडा टाकत असताना, जिथं सोडलं होतं बरोबर तिथून सुरुवात करत. मी रात्रीतून विषयसुद्धा विसरलेली असे.

निजामावरची पोलिस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या यांना जालन्यात शाळेत नोकरी लागली आणि तीर्थपुरीच्या शेतकऱ्याच्या घरातून उठून मी एकदम मारवाडी गल्लीत येऊन पडले. काकींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. घर त्यांचं, माणसं तीनच: काकी, त्यांचा मुलगा पारसमल आणि सून सुंदर. पारसभाईंची कापसाची आडत होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथं दुकान मांडलं होतं म्हणे, त्यामुळे काकींची मराठी अगदी आमच्यासारखीच. फार आनंद झाला किंवा फार राग आला की तेवढी मारवाडी बाहेर यायची.

खोली देताना त्यांनी मला समोर बसवून अटी सांगितल्या. "कांदा-लसूण खा बापडे, पण वास माझ्या अंगणात आला न्हाई पाहिजे. आन् ढेकूण झाले तर मारायचे न्हाईत. मला हाक मार. मी नेते."

ढेकूण झालेच. मी हाक मारली. काकी वाटीत कापसाची रुई घेऊन आल्या, बाजेच्या खाचाखोचांतून एकेक ढेकूण रुईवर घेतला आणि वाटी पदराखाली धरून निघून गेल्या. कुठं नेऊन सोडले ते मी कधी विचारलं नाही. पण गल्लीच्या टोकाला एक वकील राहत, ते पुढे महिनाभर कोर्टात खाजवत उभे असायचे, असं आमचे हे सांगायचे.

काकी जैन होत्या, आणि नुसत्या नावापुरत्या नव्हत्या. त्यांचा एक शब्द होता, 'जयणा'. कुठलंही काम डोळे उघडे ठेवून, जीव न दुखवता करायचं, ती जयणा. लाकूड चुलीत घालण्याआधी आपटून घ्यायचं, आत मुंगी असली तर उतरते. चुलीवर कायम पांढऱ्या कापडाचा चांदवा ताणलेला, वरून एखादं पाखरू भाजीत पडू नये म्हणून. पाणी तर दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर जे काही राहील ते पुन्हा थोड्या पाण्यासह त्याच विहिरीत नेऊन सोडायचं. 'त्याच' या शब्दावर त्यांचा जोर असे. एकदा पाणक्यानं कंटाळा करून गोड्या विहिरीचं गाळण दारातल्या खाऱ्या आडात ओतलं. काकींनी ते पाहिलं आणि त्याला असा झापला की बिचारा घागर तिथंच टाकून पळाला. "अरे, त्यांचं घर तिकडं हाये ना! तुला उचलून समुद्रात टाकला तर जमंल का?" असं त्या त्याच्या पाठीमागं ओरडत होत्या. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते.

खरं सांगते, आधी मला हे सगळं खूळ वाटायचं. शेतकऱ्याच्या घरची मी. किडे वेचून मारणं हे आमच्याकडे काम होतं. पण काकींकडे बघता बघता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ही बाई किड्यामुंग्यांना जपते आणि माणसांवर खेकसते अशातली नव्हती. जीव लहान असो मोठा असो, त्याची त्यांना सारखीच फिकीर.

त्यांच्या सुनेलाच धुराचं वावडं होतं. सुंदर नाजूक चणीची, हसरी पोर. चुलीपुढे बसली की तिचा श्वास अडकायचा. आधी बारीक खोकला, मग शिट्टीसारखा आवाज, मग भिंतीला धरून उभी. शेगडी करून पाहिली, कोळशानं जास्तच झालं. काकींनी तिला चुलीपासून उठवून स्वतः स्वयंपाक करायचं ठरवलं, तर सुंदर ऐकेना. सासूनं चूल सांभाळायची आणि सुनेनं पाटावर येऊन बसायचं, गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं तिचं म्हणणं. दोघी एकमेकींच्या हातातली लाकडं ओढत असत. डॉक्टरांनी पारसभाईंना बाजूला घेऊन सांगितलं की हा धूर असाच छातीत जात राहिला तर पोरगी फार दिवस काढायची नाही.

पारसभाई त्यानंतर हैदराबादला गेले आणि येताना एक पंखा घेऊन आले. छताला नाही, भिंतीत बसवायचा. हवा आत देण्याऐवजी बाहेर फेकणारा. गल्लीनं त्याचं नाव 'उलटा पंखा' ठेवलं आणि तो बघायला रांग लागली. गवंड्यानं स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीला परातीएवढं भोक पाडलं, पंखा बसवला, बटण दाबलं. चुलीवरचा धूर मान वळवून सरळ भिंतीकडे निघाला. सुंदरनं त्या दिवशी सगळ्या पोळ्या केल्या आणि एकदाही खोकली नाही. काकींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी मारवाडीत म्हणाल्या. ते मला कळलं नाही, पण डोळे पुसलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंख्याखाली दिव्यावर येणारी बारीक पाखरं मरून पडली होती.

झालं होतं असं की पंखा बंद केला तरी भोक उघडंच राही. पावसाळ्याचे दिवस. संध्याकाळी माजघरात दिवा लागला की त्या भोकातून पावसाळी किडे आत येत आणि पंख्याच्या पात्यांवरच मुक्काम करत. सकाळी बटण दाबलं की संपले. शिवाय त्याच भोकातून पहाटेचा गार झोत येई तो थेट चुलीपुढं बसलेल्या सुंदरच्या छातीवर. म्हणजे धूर गेला आणि वारा आला. काकींनी पाखरं पुंजणीनं, म्हणजे जीव न दुखवता झाडायच्या मऊ लोकरी कुंच्यानं, एका कागदावर गोळा केली, त्यांच्यापुढं हात जोडले, आणि त्या दिवशी आयंबिल केलं. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही बिनतुपाचं, बिनमिठाचं, नुसतं उकडलेलं. दुसऱ्या दिवशी पाखरं, पुन्हा आयंबिल. तिसऱ्या दिवशीही तेच.

पारसभाई कावले. "माँ, काढून टाकतो तो पंखा. तू अशी उपाशी मरून राह्यली!"

"पंख्याला हात लावशील तर याद राख," काकी म्हणाल्या. "माझं मी बघते."

सुंदरला हे सोसेना. आपण श्वास घ्यायचा आणि सासूनं उपाशी राहायचं. तिनं एके दिवशी गुपचूप पंखा न लावताच चूल पेटवली. काकी तेव्हा ओसरीवर माळ ओढत होत्या. पहिल्या खोकल्याला त्यांची माळ थांबली. दुसऱ्या खोकल्याला त्या आत. पुंजणीनं पाती झाडली, बटण दाबलं, आणि सुंदरच्या पाठीवर एक हलकी चापट मारली. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मास्तरीण, त्या भोकाला दरवाजा पाहिजे. पंखा चालू झाला की उघडंल आन् बंद झाला की लागंल, असा."

"असा दरवाजा कुठं मिळतो, काकीजी?"

"मिळत न्हाई म्हणूनच करायचा ना!"

त्यानंतर त्या घरात जे काही सुरू झालं त्याला मी 'पंखापुराण' म्हणत असे. पहिला उपाय उशीचा. रात्री भोकात उशी कोंबायची, सकाळी काढायची. तो एवढ्यासाठी फसला की पारसभाईंनी एकदा सकाळी मोठ्या प्रेमानं बायकोसाठी बटण दाबलं, पण उशी काढायची राहून गेली. पात्यांनी खोळ पकडली. स्वयंपाकघरात रुईच रुई झाली, जळका वास सुटला, आणि जालन्यातले नावाजलेले कापसाचे व्यापारी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन बाहेर आले. काकी इतक्या हसल्या की भिंतीला टेकून खाली बसल्या. "आज आडत घरीच उघडली रे तू!" म्हणाल्या.

दुसरा उपाय बाहेरून कापडाचा पडदा. हा बराचसा जमला. पंखा सुरू झाला की पडदा आपोआप बाहेर उडायचा, बंद झाला की पडायचा, आणि बाहेरचा वारा आला तर तो त्याला उलट भिंतीशीच दाबून धरायचा. पण पावसानं कापड भिजलं की जड व्हायचं, धूर अडायचा. तेव्हा काकींनी पत्र्याची कामं करणाऱ्या हुसेनभाईंना बोलावलं.

हुसेनभाई भोकाकडं बघत राहिले. "काकीजी, पंखे कू दरवाजा? मेरे बाप नेबी नै सुना."

"तुझ्या बापाला मी ओळखत होते. तो न ऐकताच करून द्यायचा. तू बस इथं."

बिस्किटांच्या डब्याचा पातळ पत्रा, त्याच्या आडव्या पट्ट्या, आणि पट्ट्या टांगायला सायकलच्या चाकाच्या तारा. पहिल्या पट्ट्या जड झाल्या, वाऱ्यानं उचलेनात. पुन्हा कापल्या. दुसऱ्या उचलल्या, पण पश्चिमेचा वारा सुटला की अशा काही वाजायच्या की आमचे हे वह्या तपासता तपासता पेन आपटून उठत. हुसेनभाई म्हणाले, कडेला मखमल चिकटवू, सरस आणतो. काकींनी विचारलं, सरस कशाचा करतात? हुसेनभाईंनी खरं ते सांगितलं, हाडा-कातड्याचा. काकींनी कानावर हात ठेवले. मग आत जाऊन पेटी उघडली आणि एक जुनी लाल मखमली कांचळी, त्यांच्याकडची चोळी, घेऊन आल्या. बहुधा लग्नातली असावी. "मला कुठं घालायची हाये आता," म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता कात्री चालवली. हुसेनभाईंनी खिळ्यानं पत्र्याला बारीक भोकं पाडून दिली आणि काकींनी प्रत्येक पट्टीची कड सुई-दोऱ्यानं मखमलीत शिवली. आवाज गेला, फटीही बुजल्या. पहाटेचा झोत बंद झाला आणि पाखरांची वाटही.

आता प्रश्न राहिला घरातल्या माशांचा. त्या आतून पात्यांकडे ओढल्या जात. काकींनी सपाट जाळी लावून पाहिली. मग रुईचा एक पुंजका जाळीजवळ नेऊन सोडला, तर तो जाळीला गच्च चिकटला. "माशीचं असंच होईल," म्हणाल्या. शेवटी दूध-भाकरी झाकायचं तारेच्या जाळीचं मोठं घुमटासारखं झाकण त्यांनी पंख्यावर आतून अडकवलं. घुमटावर रुई सोडली, ती नुसती टेकली आणि अलगद खाली आली. दर दोन-तीन दिवसांनी ते झाकण उतरवून गरम पाण्यानं घासायचं, नाहीतर काजळीनं भोकं बुजत. ते काम त्यांनी कुणाला दिलं नाही. रोज सकाळी स्टुलावर चढून आधी पुंजणी फिरवायच्या आणि मगच सुंदरला बटण दाबायची परवानगी. पंख्याखाली पुन्हा काही पडलेलं मला दिसलं नाही. काकींच्या जेवणात मीठ परतलं.

एवढ्यावर सगळं नीट झालं असतं. पण त्या वर्षी चातुर्मासाला जालन्याच्या स्थानकात, म्हणजे जैनांच्या धर्मस्थानात, साध्वी मुक्कामाला होत्या. त्यांना सगळे महासतीजी म्हणत. त्या घरोघर फिरून थोडं थोडं अन्न घेत, आणि कधी कुणाच्या दारी येतील ते आधी सांगत नसत. त्यांनी आपल्या हातचं घ्यावं ही काकींची वर्षभराची आस. आणि त्यांचा नियम असा की त्यांच्यासाठी म्हणून घरात काही करायचं नाही. त्यांच्यासाठी दिवा लावला, विझवला, एवढं जरी झालं तरी ते घर त्या दिवसापुरतं चालत नाही.

एका सकाळी महासतीजी आल्या. काकी "पधारो, पधारो" म्हणत दारापर्यंत गेल्या. आत पंखा घरघरत होता. महासतीजी हळू बोलायच्या, त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून सुंदरनं घाईघाईनं, भक्तीनंच, बटण बंद केलं.

महासतीजी उंबऱ्यावरच थांबल्या. "असूझता हो गया, बाई," एवढंच शांतपणे म्हणाल्या, म्हणजे आता इथलं अन्न घेण्याजोगं उरलं नाही, आणि रिकामं पात्र घेऊन वळल्या. काकी हात जोडून तशाच उभ्या. सुंदर बटणापाशीच डोळे पुसत होती. मला वाटलं, आता या पोरीची काही खैर नाही. काकींनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मला बी सुचलं न्हाई तुला सांगायचं. माझीच जयणा कमी पडली."

स्थानकात मात्र चर्चा झाली. काकींच्या नात्यातल्या एक जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चौमासात तरी ते यंत्र काढून ठेव ना. सुनेचे लाड करता करता महासतीजींना दारातून परत पाठवलंस." काकींनी मला मुद्दाम सोबत नेलं होतं, मी मागं खांबाजवळ बसलेली.  त्यांनी थेट महासतीजींसमोर जाऊन विचारलं, "पंखा काढू का ठेवू?"

संसारातल्या गोष्टीत अमुक कर असं साध्वींना सांगता येत नाही. महासतीजी म्हणाल्या, "जैसे सुख हो."

काकी उठून उभ्या राहिल्या.   "माशी चार इंद्रियांचा जीव हाये, असं इथंच शिकले मी. माशीसाठी मी जाळी केली, पट्ट्या केल्या, उपास केले. माझी सुंदर पाच इंद्रियांची हाये. तिच्यासाठी न्हाई करायचं? पंखा ऱ्हाईल. माझ्या दारी कुणी आलं न्हाई तरी ऱ्हाईल."

 परत येताना वाटेत त्या माझा हात घट्ट धरून चालत होत्या, आणि रडत होत्या. एवढी हट्टी बाई रस्त्यात रडते आहे हे मला बघवेना. मी म्हटलं, "काकीजी, तुम्ही बराबर बोलल्या." तर म्हणाल्या, "बराबरच बोलले गं. पण त्या आल्या न्हाईत तर?"

 तिसऱ्या दिवशी अंगणाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या बुटक्या छपराखाली त्यांनी स्वतः मातीची चूल घातली. वर चांदवा ताणला. सुंदरनं आत पंख्याखाली घरचा स्वयंपाक करायचा आणि काकींनी इथं फक्त स्वतःपुरतं रांधायचं. महासतीजींसाठी म्हणून काही शिजवलेलं चालत नव्हतं. पण स्वतःच्या ताटातलं थोडं देऊन आपण तेवढं कमी खाल्लेलं चालत होतं. इथं ना बटण ना वीज. सुंदर विनवण्या करून थकली. त्या ऐकतील तर काकी कसल्या!

पावसाळी ओली लाकडं आणि ते बुटकं छप्पर. धुराचा लोट काकींच्या तोंडावरच यायचा. डोळे लाल होऊन जात. पेटत्या चुलीजवळचं साध्वींना चालत नाही, म्हणून रांधून झालं की चूल शांत व्हायची वाट बघत त्या ताट झाकून बाजूला बसायच्या. रोज बसायच्या. महासतीजी गल्लीतून जायच्या, कधी वकिलांकडे, कधी पुढच्या घरी. काकी दारात हात जोडून उभ्या राहायच्या आणि त्या पुढे गेल्या की मागं येऊन थंड झालेलं जेवायच्या.

चातुर्मास संपत आला असताना महासतीजी आल्या. मी विहिरीवरून येत होते, घागर घेऊन तशीच थबकले. आत पंखा चालू होता. सुंदर स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून उभी होती, चुकूनसुद्धा कशाला लागू नयेत म्हणून. काकी ताट घेऊन पुढे झाल्या. महासतीजींनी चूल बघितली, छप्पर बघितलं, काकींचे डोळे बघितले, आणि पात्र पुढं केलं. काकींनी भाकरीचा तुकडा अलगद त्यात ठेवला. त्या दिवशी दुपारी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन काहीही निमित्त नसताना विचारपूस केली. जावेच्या घरी जरा जास्त वेळ बसल्या.

पुढच्या वर्षी यांची अंबडला बदली झाली. टांगा दाराशी उभा होता. सामान चढलं होतं. मी पाया पडायला अंगणात गेले तर काकी छपराखालीच. अंगणातली चूल त्यांनी मोडली नव्हती. साधुसाध्वी वाटेनं कधीही येतात, म्हणायच्या. धुरात त्यांचं तोंडसुद्धा नीट दिसेना. बोलता बोलता त्यांना खोकल्याची ढास लागली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

मी म्हटलं, "काकीजी, आता तुम्ही खोकायला लागल्या की! आत जा ना पंख्याखाली."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मान तिरपी करून स्वयंपाकघराकडे कान दिला. मीही दिला. आत पंख्याची घरघर होती, पोळपाटावर लाटणं फिरत होतं, आणि सुंदर कसलंसं गाणं गुणगुणत होती.

"खोकला येतो का ऐकू?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई."

"मंग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि एक लाकूड आपटून चुलीत सारलं. धुराचा लोट उठला, त्यांना पुन्हा उबळ आली. या वेळी त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दुसऱ्या हातानं मला जा, जा अशी खूण केली. सुंदरला ऐकू जाऊ नये म्हणून त्या तो खोकला आतल्या आत दाबत होत्या.